गोलरक्षकाचा आवाज: शॉट होण्याआधीचा बचाव

हॉकीतला जोरकस ड्रॅग फ्लिक ताशी 100 किलोमीटरचा वेग सहज गाठतो. गोलसमोरच्या अर्धवर्तुळाची, म्हणजे ‘डी’ची, कड गोलपासून 14.63 मीटरवर असते आणि फ्लिक साधारण तिथूनच सुटतो. हिशेब केला तर चेंडू गोलपर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. तेवढ्यात गोलरक्षकाने ‘डावीकडे बघ’ म्हणायचं, बचावपटूने ते ऐकायचं, समजून घ्यायचं आणि पाय हलवायचा, हे कोणाच्याच आवाक्यातलं नाही. तरीही जगातले उत्तम गोलरक्षक पूर्ण साठ मिनिटं बोलत असतात. टोकियो ऑलिंपिक 2021 मध्ये प्रेक्षकांविना झालं, तेव्हा घरबसल्या सामना बघणाऱ्यांना याचा चांगलाच प्रत्यय आला. रिकाम्या स्टँडमुळे टर्फवरचा प्रत्येक आवाज प्रक्षेपणात ऐकू येत होता आणि भारताच्या बाजूने त्यातला मोठा वाटा गोलरक्षक पी. आर. श्रीजेशचा होता. शॉट सुटल्यावर आवाजाचा उपयोग नाही, हे या खेळाडूंना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांचं बोलणं असतं ते शॉटच होऊ नये, झालाच तर अवघड कोनातून आणि घाईत व्हावा, यासाठी. शाळा, कॉलेज आणि क्लब पातळीवरच्या गोलरक्षकांनी आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी हीच गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पॅड आणि किकरइतकाच आवाज हासुद्धा गोलरक्षकाच्या बचावाचा भाग आहे, आणि पायांच्या हालचालींसारखीच त्याचीही शिकवणी लागते.

हे काम गोलरक्षकाकडेच का येतं, याचं कारण मैदानाच्या रचनेत आहे. 91.4 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद मैदानावर आपल्या संघातल्या सगळ्यांना एकाच वेळी समोर पाहू शकणारा खेळाडू एकच असतो. बचावपटूची नजर चेंडूवर खिळलेली असते. चेंडू उजव्या बाजूने येत असेल, तर त्याच्या पाठीमागून डाव्या पोस्टकडे सरकणारा आक्रमक त्याला दिसत नाही. हॉकीतले कितीतरी गोल असेच होतात: बेसलाइनजवळून चेंडू आत येतो आणि लांबच्या पोस्टवर एकटा उभा असलेला खेळाडू तो नुसता वळवतो. बचावपटूचा तिथे निष्काळजीपणा नसतो, त्याला तो माणूस दिसलेलाच नसतो. ट्रक मागे घेताना क्लीनर जे काम करतो तेच इथे गोलरक्षकाचं. चालकाला गाडी कशी चालवायची हे तो शिकवत नाही. आरशात न दिसणारं तेवढं सांगतो आणि वेळेत ‘बास’ म्हणतो. बोलायचं काय हा प्रश्न पडला की हीच कसोटी लावावी: मी सांगतोय ते समोरच्याला त्याच्या जागेवरून दिसतंय का? दिसत असेल तर सांगायची गरज नाही. दिसत नसेल तर सांगायला उशीर करून चालणार नाही.

शब्द मोजके, क्रम पक्का

उपयोगी सूचनेत तीन गोष्टी असतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो: आधी नाव, मग कृती, मग दिशा. ‘अरे बघा, तिकडे तो मोकळा सुटलाय!’ हे वाक्य नवख्या गोलरक्षकाच्या तोंडी हमखास येतं. त्यात माहिती आहे, पण ती कोणासाठी आहे हे नाही. ऐकणारे चौघे एकतर चौघेही वळून बघतात किंवा दुसरा कोणीतरी बघेल म्हणून एकही हलत नाही. ‘रोहन, मागे, डावा!’ या तीन शब्दांत मात्र रोहनचा कान पहिल्या शब्दालाच उभा राहतो आणि उरलेले दोन शब्द त्याच्या पायांसाठी असतात. नाव शेवटी आलं तर आधीचे शब्द हवेत विरून गेलेले असतात. म्हणून नावं लहान हवीत. संघात दोन ओंकार असतील, तर मोसम सुरू होण्याआधीच एकाचं मैदानावरचं नाव वेगळं ठरवावं. हॉकीत खेळाडू सतत आतबाहेर होत असतात. बदली खेळाडू आत आला की पहिल्या थांब्यालाच त्याचं नाव घेऊन त्याला त्याचा माणूस सांगून टाकावा.

दिशेचा गोंधळ तर भल्याभल्यांना नडतो. गोलरक्षक आणि बचावपटू दोघेही समोर बघत असतील तर दोघांचा डावा एकच असतो. पण बचावपटू मागे धावत गोलकडे तोंड करून आला, की त्याचा डावा म्हणजे गोलरक्षकाचा उजवा. नेमक्या याच क्षणी गडबड असते आणि नेमकी याच क्षणी सूचना उलटी समजली जाते. यावर उपाय एकच: ‘डावा’ आणि ‘उजवा’ नेहमी गोलरक्षकाच्या नजरेतून धरायचा, हे संपूर्ण संघाने आधीच ठरवून टाकायचं आणि सरावात त्याला अपवाद करायचा नाही. सोबत हॉकीच्या खास रचनेचा फायदाही घेता येतो. हॉकीची प्रत्येक स्टिक उजव्या हाताचीच असते. डाव्या हाताची स्टिक नियमातच बसत नाही. त्यामुळे प्रत्येक आक्रमकाला फोरहँडची आणि रिव्हर्सची अशा दोन बाजू असतात आणि त्या पाहणाऱ्याच्या नजरेनुसार बदलत नाहीत. ‘रिव्हर्सला ढकल’ ही सूचना म्हणूनच डाव्या-उजव्यापेक्षा निर्धोक ठरते. अर्थात समोरच्या संघात रिव्हर्स हिट ताकदीने मारणारा खेळाडू असेल, तर ही सूचना आपल्याच अंगाशी येईल. कोणाला कुठल्या बाजूला ढकलायचं हे सामन्याआधीच्या बैठकीत ठरवलेलं बरं. मैदानावर फक्त त्याची आठवण करून द्यायची.

काही शब्दांचे अर्थ तर दगडावरच्या रेघेसारखे पक्के हवेत. ‘कीपर!’ असा पुकारा झाला, की चेंडू गोलरक्षकाचा, बाकी सगळ्यांनी वाट मोकळी करायची. एकदा पुकारल्यावर गोलरक्षकाने माघार घ्यायची नाही. अर्धवट पुढे येऊन थांबलेला गोलरक्षक आणि त्याच्या भरवशावर थांबलेला बचावपटू, या दोघांच्या मधून जाणारा चेंडू हा सर्वांत स्वस्तात दिलेला गोल असतो. ‘बाहेर’ म्हणजे चेंडू खेळत न बसता डीबाहेर बाजूला काढायचा. ‘वेळ आहे’ म्हणजे मागे कोणी नाही, वळून निवांत पास दे. हे शब्द मराठी असोत, हिंदी असोत की इंग्रजी. आपल्याकडच्या संघांत तिन्हींची सरमिसळ असतेच आणि त्याने काही बिघडत नाही. एका अर्थाला एकच शब्द आणि एका शब्दाला एकच अर्थ, एवढं पाळलं की झालं. भारतीय संघाचंच पाहा. श्रीजेश केरळचा, त्याच्यासमोर वर्षानुवर्षं खेळलेला अमित रोहिदास ओडिशाचा, कर्णधार हरमनप्रीत सिंग पंजाबचा. महिला संघात गोलरक्षक सविता पुनिया हरियाणाची, दीप ग्रेस एक्का ओडिशाची, गुरजित कौर पंजाबची. मातृभाषा वेगवेगळ्या असलेले हे खेळाडू एकत्र खेळताना क्षणार्धात एकमेकांना समजून घ्यायचे, ते मैदानापुरती छोटी, ठरलेली भाषा असल्यामुळेच.

चेंडू जितका जवळ, तितके शब्द कमी

काय बोलायचं याइतकंच केव्हा बोलायचं हेही महत्त्वाचं आहे, आणि त्याचा नियम सोपा आहे: चेंडू जितका लांब तितकं सविस्तर, चेंडू जितका जवळ तितकं त्रोटक. आपला संघ प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात हल्ला करत असतो तेव्हा बरेच गोलरक्षक नुसते बघत उभे राहतात. खरं तर आवाजाचं सर्वांत मोलाचं काम त्याच वेळी असतं. प्रतिहल्ला झाला तर समोरचा एकटा पुढे राहिलेला आक्रमक कोणाच्या ताब्यात आहे, मधली जागा कोणी भरली आहे, बाजूचा बचावपटू फार पुढे गेलाय का, हे तेव्हा पूर्ण वाक्यात सांगायला वेळ असतो आणि ऐकणाऱ्याला त्याप्रमाणे सरकायलाही. चेंडू मध्यरेषा ओलांडून आपल्याकडे आला की वाक्यांचे शब्द व्हायला हवेत: कोणी कोणाला धरायचं, कोणत्या बाजूला ढकलायचं. 23 मीटरच्या रेषेच्या आत नाव आणि एक कृती, बस्स. आणि डीमध्ये शॉटची तयारी दिसली की गोलरक्षकाने तोंड बंद करून चेंडूवर लक्ष द्यायचं. त्या क्षणी बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं, वर स्वतःचं लक्ष विचलित. लांब उंचावरून येणाऱ्या ओव्हरहेड पासलाही हेच लागू: चेंडू हवेत असेपर्यंत गोलरक्षकाकडे दोनेक सेकंद असतात, तेवढ्यात तो कोण घेणार आणि त्याच्या मागे कोण उभं राहणार हे त्याने सांगायचं, चेंडू खाली येताना नाही.

आवाज पोचण्याच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. हेल्मेटच्या जाळीतून बोललेलं समोर जातं, बाजूला कमी जातं. म्हणून ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे मान वळवून बोलावं. मध्यरेषेपलीकडच्या खेळाडूपर्यंत ओरडून घसा फोडण्यात अर्थ नाही. तिथली सूचना मधल्या बचावपटूला द्यावी आणि त्याने ती पुढे पोचवावी, अशी साखळी आधीच ठरवून ठेवावी. राउरकेलाच्या बिरसा मुंडा स्टेडियममध्ये 20,000 प्रेक्षक बसतात. 2023 च्या विश्वचषकात तिथल्या गजरात बाजूचा माणूसही धड ऐकू येत नव्हता. मोठ्या गर्दीचा अनुभव सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, पण वारा, पाऊस आणि टर्फच्या कडेला ओरडणारे दोन्ही बाजूंचे पाठीराखे कोणत्याही जिल्हा स्पर्धेत असतात. अशा वेळी हाताच्या ठरलेल्या खुणा कामी येतात, आणि त्याहून जास्त उपयोगी पडतात खेळ थांबलेले क्षण: फ्री हिट, चेंडू बाहेर जाणं, दुखापत, दोन क्वार्टरमधली सुटी. गोंगाटात गोलरक्षकाचं निम्मं बोलणं या थांब्यांमध्ये उरकलेलं असायला हवं.

पेनल्टी कॉर्नर: चाळीस सेकंदांची बैठक

संवादाची खरी परीक्षा पेनल्टी कॉर्नरला होते. गोलरेषेमागे गोलरक्षकासह पाच जण, बाकीचे मध्यरेषेपलीकडे, समोर ताकदीचा फ्लिकर. आंतरराष्ट्रीय सामन्यांत पेनल्टी कॉर्नर मिळाल्यावर तयारीसाठी घड्याळ 40 सेकंद थांबतं. खालच्या पातळीवर एवढा वेळ मिळेलच असं नाही, पण पॅड-मास्क चढवायला लागणारा वेळ मिळतोच. हा वेळ ‘चला, चला, सोडायचं नाही’ अशा घोषणांत घालवणाऱ्या संघांची कीव करावीशी वाटते. चार गोष्टी तेवढ्यात ठरायला हव्यात: पहिला रशर, म्हणजे शॉट रोखायला पुढे धावणारा बचावपटू, कोणाच्या दिशेने आणि कोणत्या रेषेवरून धावणार, त्यामुळे फ्लिकरसाठी गोलची कोणती बाजू बंद होणार आणि गोलरक्षकाने कोणती सांभाळायची, पोस्टवर कोण, आणि चेंडू पायाला लागून परत आला तर तो कोण काढणार. रशर आणि गोलरक्षक यांच्यातला करार हा सगळ्याचा कणा. रशरने आयत्या वेळी रेषा बदलली तर एकतर चेंडू गोलरक्षकाच्या नजरेआड जातो किंवा दोघेही एकच बाजू झाकतात आणि दुसरी उघडी पडते. चेंडू आत ढकलला जाण्याआधी कोणी रेषा ओलांडली तर त्याला मध्यरेषेपलीकडे पाठवतात आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही. उतावळ्या रशरला शांत आवाजात ‘थांब’ म्हणणं हेही म्हणूनच गोलरक्षकाचं काम. चेंडू सुटल्यावर मात्र एकाच पुकाऱ्याला जागा असते: समोरच्याने चेंडू नीट अडवला नाही तर ‘सुटला!’, म्हणजे धावणाऱ्यांनी ठरलेली रेषा सोडून थेट चेंडूवर जायचं.

याचं मोल काय, हे दोन सामन्यांत दिसतं. 2 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोत भारतीय महिला संघाने बलाढ्य ऑस्ट्रेलियाला उपांत्यपूर्व फेरीत 1-0 ने हरवलं. त्या सामन्यात ऑस्ट्रेलियाला सात पेनल्टी कॉर्नर मिळाले आणि एकावरही गोल झाला नाही. सविता पुनियाच्या कामगिरीचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण सात वेळा पाच जणांची रचना न मोडता टिकली, हे एकट्या गोलरक्षकाचं यश नसतं. दुसरा सामना पॅरिस ऑलिंपिकमधला, 4 ऑगस्ट 2024 चा, ग्रेट ब्रिटनविरुद्धचा. सतराव्याच मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेली चाळीसहून अधिक मिनिटं भारत दहा खेळाडूंनिशी खेळला. माणूस कमी झाला हे तर होतंच, शिवाय गेलेला माणूस पेनल्टी कॉर्नरचा पहिला रशर होता. श्रीजेशशी वर्षानुवर्षं जुळलेला करार एका क्षणात रद्द झाला आणि पेनल्टी कॉर्नर दिल्यावर तो संपेपर्यंत बचाव करणाऱ्या संघाला मैदानी खेळाडू बदलता येत नसल्यामुळे जे मैदानावर आहेत त्यांच्यातच कामं नव्याने वाटावी लागली. सामना 1-1 असा सुटला आणि शूटआउटमध्ये भारताने 4-2 ने बाजी मारली. या विजयाचं सगळं श्रेय संवादाला देणं अतिशयोक्ती होईल. तंदुरुस्ती, अनुभव आणि थोडं नशीबही त्यात होतं. पण रचना मोडल्यावर ती चालू सामन्यात पुन्हा बांधायची असेल, तर बोलण्याशिवाय दुसरं साधन नाही, एवढं त्यातून निर्विवाद दिसतं. तुमच्या संघासाठी त्यातला धडा साधा आहे: पहिला रशर नसेल तर कोण, हे नाव सामन्याआधीच ठरलेलं हवं.

शूटआउटमध्ये गोलरक्षक एकटा पडतो, समोरच्याला 23 मीटरवरून आठ सेकंद मिळतात, तिथे सहकाऱ्यांशी काय बोलणार, असं वाटू शकतं. पण तिथेही माहिती आधी पोचलेली असते: कोणता आक्रमक कोणत्या बाजूला वळतो, कोण थेट मारतो. ही माहिती इतकी मोलाची की त्याच ब्रिटनच्या सामन्यानंतर हॉकी इंडियाने अधिकृत आक्षेप घेतला, त्यात शूटआउटदरम्यान गोलमागून गोलरक्षकाला मार्गदर्शन होणं आणि गोलरक्षकाने व्हिडिओ टॅबलेट वापरणं हे दोन मुद्दे होते. साध्या क्लबच्या संघाने तरी ही माहिती सामन्याआधी आपल्या आक्रमकांकडून गोळा करावी, कारण समोरच्या संघातल्या अनेकांशी तेच आधी खेळलेले असतात. ऐकणं हाही गोलरक्षकाच्या संवादाचा भाग आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की सतत बोलल्याने गोलरक्षकाची एकाग्रता भंगते आणि बचावपटूही त्रासतात. यात तथ्य आहे, पण ते बोलण्याविरुद्ध नाही, बडबडीविरुद्ध आहे. साठ मिनिटं एकाच पट्टीत आरडाओरडा झाला तर पंधराव्या मिनिटानंतर तो कोणाच्या कानात शिरत नाही. मग खरा धोका दिसल्यावर मारलेली हाकही पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून दोन पट्ट्या ठेवाव्यात: रचना सांगताना साधा, स्पष्ट आवाज, धोक्याच्या वेळी चढा. आणि मधे शांतता. एकाग्रतेचं म्हणाल, तर उलटा अनुभव येण्याची शक्यता जास्त: चेंडू लांब असताना जो गोलरक्षक माणसं मोजत आणि सांगत राहतो, त्याचं लक्ष खेळातच असतं, जो गप्प उभा राहतो त्याचं मन भरकटायला वीस मिनिटं पुरतात.

दुसरा आक्षेप स्वभावाचा: ‘आमचा कीपर अबोल आहे, त्याला नाही जमायचं.’ मैदानाबाहेर अबोल असणं आणि मैदानावर तीन शब्दांची ठरलेली सूचना देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गप्पिष्ट मुलगा चांगला संवाद साधेलच असं नाही. तो बहुधा जास्त शब्द वापरेल. अबोल मुलाला फक्त शब्दांची यादी आणि ते मोठ्याने म्हणायची सवय द्यावी लागते. अडचण दुसरीकडे आहे. शाळांच्या संघांत जो धावायला मंद, जो मागे मागे राहतो, त्यालाच पॅड बांधून गोलमध्ये उभं करायची रीत अजून गेलेली नाही. म्हणजे ज्याला संघात सर्वांत कमी किंमत, त्याच्याकडून सगळ्यांना हुकूम सोडण्याची अपेक्षा. त्याचा आवाज फुटत नाही यात नवल ते काय? प्रशिक्षकाने पूर्ण संघासमोर एकदा स्पष्ट सांगावं की डीच्या आसपास गोलरक्षकाची सूचना अंतिम आहे, चूक निघाली तर तिच्याबद्दल नंतर बोलू.

त्यालाच जोडून येणारा तिसरा प्रश्न आपल्याकडे फार खरा आहे: लहान गोलरक्षकाने मोठ्यांना ‘मागे ये’ कसं म्हणायचं? क्लबच्या संघात सोळा वर्षांचा गोलरक्षक आणि तिशीतला बचावपटू असं चित्र नवं नाही. ‘दादा, जरा मागे येता का’ म्हणेपर्यंत चेंडू जाळ्यात असतो. मुलींच्या संघात ‘ताई’च्या बाबतीतही तेच. याचा निकाल मोठ्यांनीच लावायला हवा. संघातल्या ज्येष्ठाने स्वतः सांगावं की टर्फवर मला नुसत्या नावाने हाक मार आणि अरे-तुरे कर. बाहेर आल्यावर दादा आहेच. लहानाने आपणहून हे धाडस करायची वाट पाहिली तर मोसम संपेल.

चौथा आक्षेप: प्रतिस्पर्धी ऐकतात. ऐकू देत की. त्यांचा माणूस लांबच्या पोस्टवर मोकळा आहे हे त्यांना आधीच ठाऊक असतं. ते ठाऊक नसतं फक्त आपल्या बचावपटूला. जे गुप्त ठेवायचं ते पेनल्टी कॉर्नरच्या रचनेपुरतं, आणि त्यासाठी गोलमध्ये डोकी जवळ आणून किंवा रचनांना आकडे देऊन बोलता येतं. मर्यादा एकच पाळायची: सूचना आपल्या खेळाडूंना द्यायच्या, समोरच्याला दचकवण्यासाठी ओरडणं खिलाडूपणात बसत नाही आणि पंचांनाही ते खपत नाही.

गोल झाल्यावर काय बोलायचं, हा आक्षेप नसला तरी सर्वांत अवघड भाग आहे. ‘काय करतोयस? कुठे होतास?’ या प्रश्नांत माहिती काहीच नसते. बचावपटूचं पुढचं पाच मिनिटांचं लक्ष मात्र त्यात जातं. टोकियोत 5 ऑगस्ट 2021 च्या कांस्यपदकाच्या लढतीत भारत जर्मनीविरुद्ध 1-3 असा मागे पडला होता, तिथून 5-4 ने जिंकला, आणि शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला मिळालेला पेनल्टी कॉर्नर श्रीजेशने थोपवला. चार गोल खाल्लेला बचाव शेवटच्या क्षणी ठरलेल्या जागी उभा राहतो, तो आधीचे चार गोल चघळत बसला नाही म्हणून. गोल झाल्यावर गोलरक्षकाने पुढच्या खेळासाठीची एकच सूचना द्यावी, ‘नीलेश, पुढच्या वेळी आत धर’, आणि हिशेब सामना संपल्यावरच्या बैठकीसाठी राखून ठेवावा. जिथे व्हिडिओ रेफरलची सोय आहे तिथे आणखी एक जबाबदारी येते. डीमध्ये चेंडू कोणाच्या पायाला लागला हे गोलरक्षकाला सर्वांत जवळून दिसतं आणि संघाच्या हाती रेफरल एकच असतो. कर्णधाराला तत्काळ ‘घे’ किंवा ‘नको’ सांगायचं. खात्री नसेल तर ‘नको’.

सराव कसा करायचा

हे सगळं सामन्याच्या दिवशी आपोआप येईल अशी आशा धरू नका. आठवड्यातून एकदा असा सराव ठेवा की चार विरुद्ध चारच्या खेळात गोलरक्षकाने चेंडू अडवायचाच नाही, फक्त बोलायचं. शॉट किती झाले ते मोजा. दोन-तीन आठवड्यांत हा आकडा खाली येतो का पाहा. येत नसेल तर शब्द उशिरा पडताहेत किंवा चुकीच्या माणसाला जाताहेत. दुसरा उपाय आणखी सोपा आणि बिनखर्चाचा: सरावसामन्यात गोलच्या जाळीमागे मोबाइल ठेवून एक क्वार्टर आवाज ध्वनिमुद्रित करा. नंतर गोलरक्षक आणि दोन बचावपटूंनी तो एकत्र ऐकावा आणि प्रत्येक हाकेला तीन प्रश्न विचारावेत. नाव होतं का? काय करायचं ते होतं का? चेंडू येण्याआधी होती का? ‘अरे’, ‘चला’, ‘बघा’ किती आणि खऱ्या सूचना किती, याचा पहिला हिशेब बहुतेकांना खजील करणारा असतो, आणि सुधारणा तिथूनच सुरू होते. बचावपटूंनीही एक सवय लावून घ्यावी: सूचना कळली की एका शब्दात ‘हो’ किंवा ‘धरला’ म्हणायचं. उत्तर आलं नाही तर गोलरक्षकाला कळतं की पुन्हा सांगायला हवं. घशाची काळजीही घ्या. गळ्यातून किंचाळण्यापेक्षा पोटातून, श्वास भरून आवाज काढला तर तो लांब जातो आणि चौथ्या क्वार्टरपर्यंत टिकतो.

शेवटी निवड करणाऱ्यांसाठी. निवड चाचणीत गोलरक्षकाने किती शॉट अडवले हे आपण लिहून घेतो, कारण ते दिसतं. त्याच्या बोलण्याने जो शॉट झालाच नाही, त्याची नोंद कोणत्याच वहीत नसते. मुंबईच्या सूरज करकेरापासून यवतमाळच्या आकाश चिकटेपर्यंत महाराष्ट्राने देशाला गोलरक्षक दिले आहेत, पुढचेही इथल्याच शाळा-क्लबांतून येणार आहेत. त्यांची चाचणी घेताना एकदा शॉटचा सराव बाजूला ठेवून त्यांना अनोळखी चार बचावपटूंच्या मागे उभं करा आणि दहा मिनिटं प्रत्यक्ष खेळवा. कोण किती झेपावला ते नंतर मोजा. आधी पाहा की कोणासमोरचे चार बचावपटू योग्य जागी उभे होते.